आधी मशीन, मग वायर

मी कुणाची वाट पाहणारी बाई नव्हे. दवाखान्यात रांग दिसली तर मी ताप अंगावर काढते, आणि लग्नात वऱ्हाड यायला उशीर झाला तर जेवून सरळ घरी येते. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंतही मला धीर धरवत नाही, म्हणून आमच्याकडची डाळ कायम जरा कडक असते, असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. लेक नोकरीसाठी पुण्याला निघाली तेव्हा स्टेशनवरच मी तिला बजावलं होतं, सवड होईल तेव्हा फोन कर, मी काही फोन हातात घेऊन बसणारी आई नाही. ती हसली होती. आणि अशा बाईला नशिबानं पोटापाण्याला दिलं काय, तर कॉम्प्युटर, ज्याचा अर्धा जन्म माणसाला थांबवून ठेवण्यात जातो.

गोंदियातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. माझ्यासोबत लॅब असिस्टंट म्हणून एक ताई आहेत. पन्नाशीच्या, केस पिकलेले, अंगानं बारीक, बोलणं मोजकं. पोवार घरच्या, कामठ्याच्या पुढच्या एका गावातल्या. नवरा लवकर गेला आणि त्या माहेरी परत आल्या, त्याला आता इतकी वर्षं झाली की त्या कधी सासरी गेल्या होत्या हे गावही विसरून गेलंय. घरी त्या आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. सकाळच्या एसटीनं येतात, संध्याकाळच्या एसटीनं जातात. ती संध्याकाळची एसटी म्हणजे त्यांच्या गावाला जाणारी दिवसातली शेवटची गाडी.

ती गाडी चुकून चालायचं नाही, याला कारण त्यांची आई. म्हातारीची आठवण विरत चालली होती. घरात तिला बरंचसं कळायचं, मीठ कुठं, चूल कुठं, लेकीचं नाव काय. पण ऊन उतरायला लागलं की ती काठी घ्यायची आणि गावच्या बसस्टॉपवर जाऊन बसायची. लेक बसमधून उतरली की उठायची आणि दोघी घरी जायच्या. लेक उतरली नाही, तर उठायचीच नाही. शेजारणीनं हात धरून ओढलं तरी नाही, अंगावर पाऊस आला तरी नाही.

"फोन करून सांगत का नाही, उशीर होईल म्हणून?" मी एकदा विचारलं.

"सांगतो ना मॅडम. हो हो म्हनते. फोन ठेवला का इसरते."

असं बोलून ताई पुन्हा कीबोर्ड पुसायला लागल्या. तक्रार करणं हा त्यांचा स्वभावच नाही. तो सगळा वाटा माझ्याकडं आलाय.

आता आमच्या लॅबची तऱ्हा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं विद्यार्थ्याचं काम त्याच्या समोरच्या मशीनमध्ये राहत नाही. ते राहतं अंगणापलीकडच्या लायब्ररीत ठेवलेल्या एका मोठ्या मशीनवर, सर्व्हरवर. लायब्ररीतून एक वायर अंगणावरून लॅबमध्ये येते आणि कोपऱ्यातल्या एका डब्याला जोडलेली आहे. तिथून सगळ्या मशीनांना फाटे फुटतात. सकाळी लॅबचं मशीन सुरू झालं की ते या वायरीतून सर्व्हरवरचं फोल्डर स्वतःला जोडून घेतं. याला माउंट करणं म्हणतात. पोराला वाटतं आपलं फोल्डर इथंच आहे, पण ते असतं लायब्ररीत. फायदा असा, की आज खिडकीजवळ बसलेली मुलगी उद्या दाराजवळ बसली तरी तिचं काम तिच्यापुढं हजर.

अडचण यायची ती बंद होताना. बंद होणाऱ्या मशीननं आधी हातात राहिलेलं काम सर्व्हरला पोचतं करायचं, मग ते फोल्डर सोडायचं, आणि सगळ्यात शेवटी नेटवर्क सोडायचं. हा क्रम चुकला, मधेच सर्व्हर दिसेनासा झाला, की मशीन अडून बसतं. ते सर्व्हरला हाका मारत राहतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ येते, अमुक काम थांबवणं चालू आहे, आणि तिच्या शेवटी लिहिलेलं असतं, 'नो लिमिट'. म्हणजे कितीही वेळ लागो. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या मशीनच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

आमच्याकडं हे दिवाळीनंतर सुरू झालं. त्याआधीच्या पावसाळ्यात अंगणात वीज पडली होती. कोपऱ्यातला डबा जळाला, जुना सर्व्हरही गेला, आणि नवीन सामान यायला दिवाळी उजाडली. सगळी मांडणी मी नव्यानं केली. आणि पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी ताई दारात उभ्या.

"मॅडम, अडले."

"किती?"

"सारेच."

प्रिन्सिपल सरांचा नियम असा, की प्रत्येक पडदा काळा झाल्याशिवाय लॅबला कुलूप लागणार नाही. बटण दाबून मशीन मारायचं नाही. नियम चांगलाच होता, मीच त्यांच्या डोक्यात घातला होता. पण तो पाळायचं काम ताईंचं. आम्ही सगळे आपापल्या गाड्या काढून घरी जायचो आणि त्या एकट्या अडून बसलेल्या मशीनांपुढं स्टुलावर बसायच्या, एसटीची वेळ जवळ येत राहायची. शेवटी सर फोनवर 'राहू द्या तशीच' म्हणाले की त्या अडलेल्या मशीनांवरच कुलूप लावायच्या, आणि सकाळी मी येईपर्यंत ती बंद झालेली असायची. दुसऱ्या दिवशी डोळ्यांखाली काळं दिसलं की मला कळायचं, काल गाडी चुकली. मग त्या माणशी पैसे घेणाऱ्या सीटच्या ऑटोनं कामठ्यापर्यंत जायच्या, आणि पुढं दुधाची गाडी नाहीतर कुणाची मोटरसायकल मिळाली तर मिळाली.

मला वाटायचं, उशिरा का होईना पोचतात ना. तास-दीड तासानं काय बिघडतं? पण त्यांचा चेहरा बघितला की हे बोलायला जीभ उचलायची नाही.

मी कामाला लागले. दोष माझ्याच नव्या मांडणीत असणार याबद्दल मला शंका नव्हती. बंद होताना नेटवर्क आधी सुटतंय आणि फोल्डर मागं राहतंय, हे पडद्यावरच्या ओळीवरून उघड होतं. मी क्रम पुन्हा लिहिला. हे फोल्डर नेटवर्कवरचं आहे, याला आधी सोड, अशी मशीनला बजावणी केली. मग दुपारी सगळी मशीनं बंद करून बघितली. एकामागून एक, गुणी बाळासारखी झोपली. मी खुशीत चहा मागवला. संध्याकाळी मी घरी भाजी चिरतेय तोच ताईंचा फोन.

"मॅडम, अडले."

हे असं किती वेळा झालं याची गणती नाही. मी दुपारी बंद केली की झटक्यात बंद, ताईंनी संध्याकाळी बंद केली की 'नो लिमिट'. नवरा म्हणाला, मशीनं तुला घाबरतात. मला ते पटायला लागलं होतं. मी केबल बदलल्या, डब्याचं सॉफ्टवेअर बदललं, सर्व्हरच्या घड्याळावरसुद्धा संशय घेतला. रात्री स्वप्नात मला ती पांढरी ओळ दिसायची.

शेवटी मी सोपा मार्ग काढला. मशीनला सांगितलं, सर्व्हरनं ओ दिली नाही तर थोडा वेळ थांब आणि मग सोडून दे. अशी सोय असते. अशी सोय माझ्यात जन्मजात आहे, म्हणून मला ती आवडली. दोन-तीन दिवस ताईंना गाडी मिळाली. चौथ्या दिवशी सकाळी शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं तिचा प्रोजेक्ट उघडला तर तो अर्धाच. मशीननं संध्याकाळी थोडा वेळ वाट पाहिली होती आणि हातातलं काम तसंच टाकून दिलं होतं. ती मुलगी रडली नाही, नुसती पडद्याकडं बघत राहिली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

ताई तिच्यामागं उभ्या होत्या. दुपारी त्या माझ्या टेबलाजवळ आल्या.

"मॅडम, ते काढून टाका."

"काय?"

"ते थोडा वेळ थांबून सोडून द्याचं. पोरीचं नुसकान नको. बसचं मी पाहून घेईन."

मी ते काढून टाकलं. मला स्वतःचा राग आला होता, मशीनांचा आला होता आणि उगाच ताईंचाही आला होता, त्या इतक्या समजूतदारपणे उभ्या राहिल्या म्हणून.

पुढं एका संध्याकाळी मी घरी पोचले आणि लक्षात आलं, घराची किल्ली लॅबच्या टेबलावर राहिली. परत गेले. लॅबचं दार उघडं होतं. आत ताई कोपऱ्यातल्या डब्यापुढं उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी लायब्ररीतून येणारी ती एक वायर हलक्या हातानं काढली, गुंडाळून भिंतीच्या खिळ्याला अडकवली, आणि मग उठून एकेका मशीनला बंद व्हायला सांगत निघाल्या.

"ताई!" मी दारातूनच ओरडले. "हे काय करून राहिल्या?"

त्या दचकल्या. "मशीन बंद करून राहिलो."

"ती वायर कायले काढली?"

"आधी वायर, मंग मशीन," त्या म्हणाल्या, जणू मी काहीतरी अगदीच बावळट विचारलं होतं. "घरी बी तसंच करतो ना. इज कडकली का आधी छत्रीची वायर काढाची, मंग टीवी बंद कराचा. नाई त टीवी जाते."

आमच्या भागात टीव्हीच्या डिशला छत्री म्हणतात, आणि वीज कडकली की घरातलं लहान पोरही आधी तिची वायर उपटायला धावतं. वळवाच्या दिवसांत अख्ख्या गल्लीचे टीव्ही असेच वाचतात. त्यात चूक काहीच नव्हतं.

"पण आज आभाळ कोरडं ठणठणीत आहे, ताई."

"रोजच काढतो मॅडम. मागच्या टायमाले डबा जळला तं सर मलेच बोलले. वायर काढून ठेवली असती त वाचला असता म्हने. तवापासून एक दिवस चुकलो नाई."

मी खुर्चीवर बसले. आधी मला हसू फुटलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडं बघून ते विझलं. इतके महिने ही बाई इमानेइतबारे सर्व्हरची वायर काढत होती, आणि मग मशीनांना म्हणत होती, आता सर्व्हरचं काम पोचतं करा आणि झोपा. मी दुपारी वायर न काढता बंद करायची, म्हणून माझ्यासमोर सगळं सुरळीत. मी त्यांना समजावून सांगितलं. वायर म्हणजे रस्ता आहे, रस्ता आधीच उखडला तर मशीननं सामान पोचवायचं कुठून. त्याच्या हातात कुणाचं तरी काम आहे, ते दिल्याशिवाय ते झोपणार नाही.

ताईंनी खिळ्यावरच्या वायरीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच माही बस चुकवून राहिलो होतो."

"तुम्ही डबा वाचवत होत्या."

"आता कसं कराचं?"

"आधी मशीन, मग वायर."

"आधी मशीन, मंग वायर," त्यांनी पाठ म्हणून दाखवलं, आणि खिळ्याची वायर काढून पुन्हा डब्याला जोडली. अडलेली मशीनं क्षणभर घुटमळली आणि एकेक करून काळी झाली. त्या दिवशी ताईंना गाडी मिळाली. नंतरही रोज मिळत राहिली. कधी कधी तर निघण्याआधी कॅन्टीनमध्ये अर्धा कप चहा घ्यायला वेळ उरायचा. त्यांच्या डोळ्यांखालचं काळं गेलं आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

मग एप्रिल आला, प्रॅक्टिकल परीक्षा आल्या. शेवटच्या बॅचच्या दिवशी दुपारपासूनच आभाळ भरून आलं होतं. बिरसीच्या वैमानिक शिकवणाऱ्या शाळेची छोटी विमानं एरवी दिवसभर आमच्या डोक्यावर भुणभुणतात, ती त्या दिवशी लवकरच उतरली होती. परीक्षा संपली, मुलांनी उत्तरं जतन केली, आणि शिकवल्याप्रमाणे आपापली मशीनं बंद करायला सांगून ती उठली. तेवढ्यात अंगणापलीकडं कुठंतरी वीज कोसळली. खिडक्या थरथरल्या. दिवे गेले, इन्व्हर्टर सुरू झाला, मुली किंचाळत व्हरांड्यात पळाल्या.

आणि शेजारच्या विभागातले एक सर, फार भले गृहस्थ, धावत लॅबमध्ये आले. "अरे मॅडम, फिरसे डबा जलाना है क्या? पहले वायर निकालो!" असं ओरडत त्यांनी कोपरा गाठला आणि लायब्ररीची वायर उपटली. मग "हो गया, हो गया" म्हणत ते तसेच पुढं स्वतःच्या प्रयोगशाळेकडं पळाले. मला त्यांना थांबवायलाही वेळ मिळाला नाही.

सगळ्या पडद्यांवर पांढरी ओळ. 'नो लिमिट'.

मी घड्याळाकडं बघितलं, ताईंनीही बघितलं. गाडीची वेळ होत आली होती. बटणं दाबून मशीनं मारली असती तर त्या पळत जाऊन गाडी गाठू शकल्या असत्या. पण त्या मशीनांच्या हातात अख्ख्या बॅचची परीक्षा होती.

"ताई, तुम्ही निघा," मी म्हटलं. "मी बघते."

"इजेत एकटी सोडून जाऊ का तुमाले?"

त्या डब्यापाशी गेल्या. बाहेर पुन्हा लखलखलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि वायर जोडली. वीज आली असती तर त्या वायरीतूनच आली असती. मशीनं मात्र निवांत होती. एक काळं झालं, मग दुसरं, मग खिडकीकडची रांग. दाराजवळचं एक सगळ्यात शेवटी राहिलं आणि ताई त्याच्यापुढं उभ्या राहिल्या, ओरडल्या नाहीत, टेबलावर हात आपटला नाही. मी असते तर दोन्ही केलं असतं. ते बंद झाल्यावरच त्यांनी वायर काढली आणि खिळ्याला अडकवली.

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती. पाऊस ओसरला होता, पण आभाळ तसंच होतं.

"चला, माझ्या स्कूटीवर सोडते," मी म्हटलं.

"स्कूटीनं नाई जमत मॅडम. बसच पायजे."

"अहो, पोचण्याशी मतलब! बस काय आणि स्कूटी काय!"

त्यांनी मान हलवली. मग कामठ्याच्या दिशेला दाटलेल्या ढगांकडं बघून म्हणाल्या, "चला. निदान जवळ जाऊन बसीन."

मला त्यातलं काही कळलं नाही. उपकार करायला निघालेल्या माणसाला जशी चीड येते तशी मला आली, आणि मी निम्म्या रस्त्यापर्यंत बोलले नाही. हवेत मोहाच्या फुलांचा वास होता. दोन्ही बाजूंना उन्हाळी धान वाऱ्यानं आडवा झाला होता.

कामठ्याच्या अलीकडं एक मोठं झाड रस्त्यावर पडलेलं. पलीकडून दोन माणसं कुऱ्हाडीनं फांद्या तोडत होती. आणि झाडाच्या अलीकडं, सगळ्या गाड्यांच्या पुढं, ताईंची एसटी उभी होती.

"सुटलात!" मी म्हटलं. "जा, बसा आपल्या बसमध्ये."

"हे कवा हटन कोनाले माहीत. ती तिकडं ओल्यात एकटी बसून असन." त्या खाली उतरल्या, कंडक्टरच्या खिडकीशी गेल्या आणि त्याला काहीतरी सांगितलं. तो मान डोलवत म्हणाला, "हो ताई, थांबवतो. तुमी व्हा समोर." मग आम्ही बांधावरून स्कूटी ढकलत झाडाला वळसा घातला.

गावाच्या स्टॉपवर सिमेंटचं एक बाक आहे. त्यावर एक म्हातारी बसली होती, डोक्यावरून पदर, हातात काठी, लुगडं खांद्यापर्यंत भिजलेलं. ती रस्त्याकडं बघत होती. ताई तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"माय, चाल घरी."

म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं, ओळख नसलेल्या माणसाकडं बघतात तसं, आणि मग मान वाकडी करून त्यांच्या मागचा रस्ता बघायला लागली.

"बाजूले व्हा ना वं बाई," ती म्हणाली. "बस दिसत नाई. माही पोरगी शाळेतून येऊन राहिली."

ताई बाजूला झाल्या. आपल्या ओढणीनं त्यांनी आईचे खांदे पुसले, म्हातारीनं ते करू दिलं. मग त्या तिच्याशेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, "घरी ओळखते मॅडम. इथं नाई ओळखत. इथं बसमधून उतरन तेच तिची पोरगी."

"आणि गाडी चुकते त्या दिवशी?"

"मंग बसतो अशीच बाजूले. झोप आली तिले का धरून नेतो."

मी इतके महिने समजत होते की ताई उशिरा पोचल्या की विषय मिटतो. त्या पोचत होत्या आणि आईच्या हाताला हात लागेल इतक्या जवळ, अंधारात, अनोळखी होऊन बसत होत्या.  मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. तिघी रस्त्याकडं बघत राहिलो. वाट पाहायची सवय नसल्यानं मला बसायचं कसं तेही कळत नव्हतं, सारखी पर्स या हातातून त्या हातात घेत होते.

शेवटी वळणावर उजेड दिसला. ताई झटकन उठल्या आणि रस्त्याच्या कडेला गेल्या. एसटी थांबली. दार उघडलं, ताई आत चढल्या, आणि लगेच, खांद्यावरची पिशवी सावरत, खाली उतरल्या. आतले लोक बघत होते. कुणी हसलं नाही. कंडक्टरनं घंटी द्यायला थोडा उशीरच केला.

म्हातारी उठून उभी राहिली. चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"आली वं माही माय," ती म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडली. आत फुटाणे होते आणि गुळाचा एक खडा, पावसानं चिकट झालेला. "खा. भूक लागली असन शाळेतून."

ताईंनी ते तिथंच, उभ्या उभ्या खाल्ले. पन्नाशीची ती बाई गूळ चघळत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि म्हातारीला ते पावसाचंच वाटत असावं. आता त्या घरी जाणार म्हणून मी सुस्कारा टाकला. तोच म्हातारीची नजर माझ्याकडं गेली. मी अजून बाकावरच होते.

"तुमची नाई आली?" तिनं विचारलं.

"कोण?"

"पोरगी."

बस निघून गेली होती. रस्ता रिकामा होता. माझ्या तोंडून खरं तेच निघालं.

"नाही," मी म्हटलं.

म्हातारीनं च्च केलं. "मंग थांबतो जरा. एकटीनं कायले बसता." आणि ती माझ्या शेजारी परत बसली.

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी ताडकन उठले.

"नाही नाही, माझी आली मावशी," मी म्हटलं. "आधीच्या बसनं आली. घरी गेली."

"जेवली?"

"जेवली."

"हां, मंग ठीक." तिनं पदरात उरलेले चार फुटाणे माझ्या हातावर ठेवले. "हे तिले द्याल." मग ती उठली, लेकीचा हात धरला, आणि दोघी गावात शिरल्या. लेक हळू चालत होती आणि आई तिला घाई कर म्हणत होती.

मी स्कूटी सुरू केली नाही. फुटाणे रुमालात बांधले, फोन काढला आणि लेकीला लावला. तिनं घाबरूनच उचलला.

"आई? काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

"सगळं ठीक आहे. तू घरी पोचलीस का?"

"हो, आत्ताच आले. का?"

"जेवलीस?"

"नाही गं, आता गरम करीन. तुला घाई असेल, मी रविवारी करते फोन."

"आधी जेव," मी म्हटलं. "फोन ठेवू नकोस. मी थांबते."